तीनशे उतार

मोजोकेर्तो, पूर्व जावा
६ जून १९९३

मामा, सलाम.

पत्राआधी तुम्ही खोकंच उघडलं असणार, म्हणून आधी खोक्याचं लिहितो. आतले चार ब्रेक पॅड तुमच्या भाड्याच्या गाडीच्या पुढच्या दोन चाकांचे आहेत. विकत घेतलेले नाहीत. मी केलेत.

घर सोडून चौदा महिने झाले. एवढ्यात मी मेदानला शर्ट विकले, पालेम्बांगला आपल्याच एका माणसाच्या खाणावळीत ताटं वाढली (एका हातावर आठ ताटं न्यायचो, नववं पडलं म्हणून काढलं), मग एका जहाजावर कांद्याची पोती उचलत सुराबायाला उतरलो. तिथून या गावात का आलो ते नीट सांगता येणार नाही. बहुतेक बस चुकली. पण इथं टिकलोय, चार महिने. तुम्ही हसला असाल. हसा.

मी काम करतो त्या कारखान्याच्या मालकांचं नाव पाक सुगितो. त्यांच्याकडे झिजलेले पॅड येतात. पॅड म्हणजे काय, एक लोखंडी पट्टी आणि तिच्यावर चाकाला घासणारं अस्तर. झिजतं ते अस्तर, पट्टी चांगलीच असते. आम्ही जुनं अस्तर खरवडून काढतो, पट्टी कानशीने घासतो, डिंक लावतो, नवं अस्तर बसवून शिकंज्यात दाबतो आणि चार तास भट्टीत भाजतो. झाला नवा पॅड. दुकानातला चार पॅडचा कोरा जोड साठ हजार रुपियाला, आमचा चौदा हजाराला. चाळीस हजार किलोमीटर चालतो असं पाक सुगितो म्हणतात. गिऱ्हाइकाला पन्नास सांगतात.

तुमचे चार मी काल शनिवारीच केले. काल हाताखाली बारा जोड होते, तुमचा धरून. दुपारी शेजारच्या मैदानात कबुतरांची शर्यत लागली होती. मामा, हे लोक नराला दोन कोस लांब नेऊन सोडतात आणि इकडे मालक मादी हातात धरून फडफडवतो. नर आकाशातून दगडासारखा थेट तिच्यावर कोसळतो. एक राखाडी नर तर दुसऱ्याच्याच मादीवर उतरला, आणि मग माणसांची जी जुंपली! कबुतरं बाजूलाच राहिली. परत आलो तेव्हा पाच वाजून गेले होते, कारखान्यात सगळं गार पडलं होतं. डबे भरले, तुमचं खोकं बांधलं, आणि आज तुमच्याजवळच्या बुकिटिंगीला निघालेल्या एका कापडवाल्याच्या हाती दिलं.

इथल्या जेवणात साखर असते. मिरचीतसुद्धा. बाकी बरा आहे.

निघताना तुम्ही म्हणाला होतात की माझ्या हातून एकही काम शेवटाला जात नाही. खोकं बघा.

तुमचा भाचा,
दासरिल


मातुर
पश्चिम सुमात्रा, २६ जून १९९३

दासरिल,

खोकं मिळालं. पत्रही मिळालं. पत्रात पॅडपेक्षा कबुतरं जास्त आहेत.

तुझ्या मालकांना सांग, किलोमीटर सपाटीवरच्या माणसांसाठी. मी उतार मोजतो. मातुरहून खाली मनिंजाउच्या तळ्यापर्यंत चव्वेचाळीस वळणं, आणि उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची, म्हणजे वळणावळणाला थांबायचं. साठ हजारांचा कोरा जोड माझ्याकडे तीनशे उतार पुरतो. कधी दोनशे ऐंशी. दिवसाला दोन उतार. एकतीस वर्षं हेच गणित आहे.

गाडीतला जोड अजून ऐंशी उतार गेला असता. तुझं खोकं कपाटात ठेवणार होतो. पण कॉफीच्या टपरीवर बातमी माझ्याआधी पोचली. परमुलखात गेलेल्या भाच्याची पहिली कमाई घरात आली की मामाने ती चारचौघांत वापरायची, आठवड्याच्या आत. नाही वापरली तर लोक काय म्हणतात ते तुला माहीत आहे: मामाचाच भाच्यावर भरवसा नाही. टपरीवरच्या नागुत्याने तर मला विचारलंच, "काय सुतान, भाच्याचे ब्रेक कपाटाला लावलेत का?"

काल जुम्म्याच्या नमाजानंतर टपरीसमोर जॅक लावला आणि बसवले. वीसेक माणसं उभी होती. एकानेही हात लावला नाही, सल्ले सगळ्यांनी दिले. जुने चार काढून परसात टाकले.

तुझी आई असती तर तिने आज भात जास्त शिजवला असता.

कबुतरांच्या नादी लागू नकोस.

मामा


मोजोकेर्तो
९ जुलै १९९३

एर्नीताई, सलाम.

तुला पत्र लिहीत नाही म्हणून तू रागावली असशील. हे घे. तुझी रिसा आता पहिलीत ना? खाली तळ्याकाठच्या शाळेत घातलीस असं कोणीतरी सांगितलं. रोज मामांच्या गाडीतून जाते का? पुढे बसते की मागे?

सहज विचारतो.

मामांचे ब्रेक कसे आहेत? म्हणजे लागतात ना नीट? पेडल खाली जातं का? उतरून आल्यावर चाकांना वास येतो का? मामांना थेट विचारू नकोस, त्यांना वाटेल मी शंका घेतो. तू फक्त बघ. जमलं तर त्यांना म्हण, परसातले जुने पॅड अजून ऐंशी उतार जाणार होते, आधी ते संपवा, दासरिलचे मागाहून वापरा. काटकसर म्हणून म्हण. तुझं ऐकतील.

इकडे एक गोष्ट झाली. गेल्या सोमवारी पाचेतच्या डोंगरावरून एक टॅक्सी दोरीला बांधून आणली. उताराच्या पायथ्याशी काही माणसं पाण्याच्या नळ्या घेऊन बसलेली असतात, खाली आलेल्या गाड्यांची तापलेली चाकं भिजवतात, ड्रायव्हर सुटे पैसे देतो. या टॅक्सीच्या चाकावर पाणी मारलं आणि अस्तर पट्टीपासून सुटून रस्त्यावर पडलं. आमच्याकडचाच पॅड. नशीब, तोवर गाडी सपाटीला लागली होती. पाक सुगितोंनी तो हातात घेतला, वास घेतला, आणि म्हणाले, "हा भट्टीतच गेलेला नाही." मग कास्मोला विचारलं. कास्मो म्हणजे माझ्यासोबत काम करणारा, दोन पोरांचा बाप, फार बोलत नाही. तो म्हणाला, मला आठवत नाही. त्याला त्याच दिवशी काढलं.

मी तिथेच उभा होतो. पाऊस नाही इथे. आंबे संपले.

मामांकडे बघ.

दासरिल


मातुर
२० जुलै १९९३

दासरिल,

तुझं पत्र वाचून मी आणि बुरहान हसलो. लग्न झाल्यापासून माझा नवरा एवढा हसलेला मी पाहिला नाही. ब्रेक कसे आहेत, लागतात ना, वास येतो का! अरे, कौतुक हवंय तर सरळ माग ना. लहानपणी माडावर चढायचास आणि वरून ओरडायचास, "माझ्याकडे बघू नका," म्हणजे सगळ्यांनी बघावं.

घे कौतुक. मामा येईल-जाईल त्याला सांगतात, हे भाच्याने स्वतःच्या हाताने केलेत. परवा तहसीलदाराला खाली नेताना मुद्दाम गाडी थांबवून चाक दाखवलं. तो बिचारा उलटी आवरून बसला होता.

जुने वापरा असं मी म्हणाले. तू सांगितलंस म्हणून. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी भांडी घासायला निघून गेले.

वास येतो, करपलेल्या खोबऱ्यासारखा. मामा म्हणतात नव्या ब्रेकला येतोच. रिसा पुढे बसते, मामांच्या शेजारी, आणि वळणाचे आकडे मोठ्याने मोजते. चव्वेचाळीसपासून उलटे. शाळेत अजून वीसपर्यंतच शिकवलंय, हिला चव्वेचाळीस येतात.

येत्या रविवारी एत्ती आत्याच्या दिराचं लग्न आहे खाली तळ्यावर. आम्ही सगळे जाणार. तळ्यातली बारीक मासळी केळीच्या पानात भाजून करणार आहेत, तुझी आवडती. तुझ्या वाटची मी खाईन.

ताई


मोजोकेर्तो
३० जुलै १९९३

मामा, सलाम.

कामाचंच लिहितो. आमच्याकडे आता नवा डिंक आलाय, आधीच्यापेक्षा पुष्कळ चांगला. तुमच्या गाडीला तोच हवा. तर ते चार पॅड काढून मला परत पाठवा, मी नवे करून देतो. तोवर जुने लावा. टपरीवर सांगा की भाचा आणखी भारी माल पाठवतोय, मग कोणी काही म्हणणार नाही.

लगेच काढा. पत्र वाचल्याबरोबर.

लग्न कसं झालं?

दासरिल


मातुर
३ ऑगस्ट १९९३

दासरिल,

तुला कळवायचं की नाही यावर इथे आठ दिवस बोलणं चाललंय. मामा म्हणाले कळवू नका. मी कळवते. पण वाचून त्यांना ब्रेकबद्दल एक अक्षर लिहू नकोस. आधीच त्यांनी मान खाली घातलीय.

२५ तारखेला, लग्नाला उतरताना. गाडीत आम्ही नऊजण. एकतिसाव्या वळणावर खालून बस चढत होती. मामांनी थांबायला ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. पुढच्या चाकातून खण् असा आवाज आला, काहीतरी उडून रस्त्यावर गेलं, आणि पेडल पार तळाला गेलं. मी मधल्या रांगेत होते. मला मामांचा पाय दिसत होता, दाबतोय, उचलतोय, दाबतोय. रिसा पुढे होती. ती "एकतीस" म्हणाली आणि गप्प झाली. डाव्या हाताला दरी. तळं एवढं खाली की होड्या तांदळाएवढ्या.

कोणी ओरडलं नाही. हेच मला सारखं आठवतं. नऊ माणसं आणि एकाचाही आवाज नाही.

मामांनी गिअर खाली पाडला, हँडब्रेक ओढला आणि गाडी उजवीकडे डोंगरात घातली. खडकाला घासत घासत गेली ती. बसच्या तोंडापासून चार हातांवर थांबली. मामांचं उजवं मनगट स्टिअरिंगवर मोडलं. आम्हाला खरचटलं, एत्ती आत्याचा एक दात गेला. बाकी सगळे आहोत.

मामा उतरले, चाकाशी वाकले, रस्त्यावरून काहीतरी उचलून रुमालात बांधलं. आणि बसच्या ड्रायव्हरला, आम्हाला, नंतर टपरीवर, सगळ्यांना एकच सांगितलं: "पॅड धरून ठेवणारी पिन बसवायची मी विसरलो. पॅड चांगला होता. चूक माझी."

एकतीस वर्षांचा ड्रायव्हर पिन विसरतो? पण माणूस स्वतःच म्हणतो म्हटल्यावर काय. घरच्या बैठकीत ठरलं की वय झालं, आता किल्ली त्यांच्याकडे नको. नागुत्या म्हणाला, "सुतान, आता तुम्ही आमच्या शेजारी बसा आणि डॉमिनो खेळा." ते बसतात. खेळत नाहीत.

गाडी आता बुरहान चालवतो. पत्रा ठोकून घेतला. गेलेल्या पॅडच्या जागी परसातला एक जुना बसवला, उरलेले तीन तुझेच ठेवलेत. बुरहान म्हणाला, अजून नव्यासारखे जाड आहेत, टाकायचे कशाला, आणि पिना त्याने दोनदा तपासल्या. तेव्हा तू काळजी करू नकोस, तुझं काम वाया गेलेलं नाही. रिसा कालपासून पुन्हा शाळेत जाते. आता मोजत नाही.

आज जलद टपालाने तुझं दुसरं पत्र आलं. मामांनी वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. काय लिहिलंस रे त्यात?

ताई


तार
मोजोकेर्तो, १४ ऑगस्ट १९९३

गाडी उभी करा. तिन्ही पॅड काढा. मी भट्टीत घातले नव्हते. पिन नाही, चूक माझी. दासरिल


मोजोकेर्तो
१४ ऑगस्ट १९९३

ताई,

तार केली आहे. तार कचेरीतला माणूस म्हणाला, तुमच्या गावाला सोमवारी पोचेल, मध्ये रविवार आहे. मी म्हटलं माणसं मरतील. तो म्हणाला, सगळेच असं म्हणतात. त्याच्याच बाकावर बसून हे लिहितोय. अक्षर लावून घे.

त्या शनिवारी मी बारा जोडांना डिंक लावला, शिकंज्यात दाबले, आणि भट्टी तापायची वाट बघत होतो. कुंपणाबाहेरून कबुतरांचा गलका आला. म्हटलं पाच मिनिटं. पाचनंतर परत आलो तेव्हा भट्टी गार होती. मी स्वतःला सांगितलं की कास्मोने भाजून काढले असतील आणि भट्टी विझवली असेल. विचारलं नाही. तो समोर होता, हात धूत होता. विचारलं असतं तर कळलं असतं, मग रविवारी बसून पुन्हा सगळं करावं लागलं असतं. आणि मला तुमचं खोकं त्या कापडवाल्याबरोबर पाठवायचं होतं. मला ते खोकं मातुरला पोचलेलं बघायची घाई झाली होती, ताई.

न भाजलेला डिंक गार असताना दगडासारखा असतो. हातोडीने ठोकलं तरी कळत नाही. तापला की गूळ होतो. थोडा थोडा सुटत जातो, आणि एक दिवस सगळाच. करपलेलं खोबरं म्हणालीस ना, तो त्याचाच वास. ते वाचलं तेव्हाच मी तार करायला हवी होती. मी मामांना नव्या डिंकाचं खोटं लिहिलं. मला वाटलं, मामांना न कळता ते पॅड गाडीतून निघतील.

चारही एकाच हाताने, एकाच दुपारी केलेले आहेत. एक सुटला म्हणजे तीन सुटणार. आज नाही तर उद्या. रिसाला चालत ने. घरी ठेव. मला शिव्या दे, पण तिला त्या गाडीत बसवू नकोस.

आज शनिवार. तार सोमवारी. मध्ये किती उतार होतात ते मी मोजतोय आणि मोजायचं थांबवता येत नाही.

दासरिल


मातुर
१८ ऑगस्ट १९९३

दासरिल,

डाव्या हाताने लिहितोय. थोडक्यात लिहीन.

तार सोमवारी दहाला टपरीवर आली. माझा चष्मा घरी होता, टपरीवाल्याने मोठ्याने वाचली. म्हणजे माझ्याबरोबरच वीस माणसांना कळलं. कोणी सोंगटी हलवली नाही.

बुरहान सातला खाली गेला होता. रिसा बरोबर होती. साडेदहापर्यंत भाडं घेऊन वर यायचा. मी चव्वेचाळिसाव्या वळणावर जाऊन उभा राहिलो. मागून बाकीचे आले. चढणारी गाडी प्रत्येक वळणावर हॉर्न देते. तिथून खालच्या दहाएक वळणांचे हॉर्न ऐकू येतात. साडेदहा झाले. अकरा झाले. एकही आला नाही. नागुत्या काहीतरी बोलायला लागला, त्याला एकाने बाजूला नेलं. तुझी बहीण शेतातून पळत आली होती, तिच्या पायात चप्पल नव्हती. ती दरीच्या काठाशी जाऊ नये म्हणून दोन बायकांनी तिला धरलं होतं.

अकरा वीसला हॉर्न आला. बुरहान खाली भाड्यासाठी थांबला होता. एवढंच.

चाकं तिथेच खोलली. तिन्ही पॅड मी माझ्या हाताने काढले. दोन अस्तरं नखाने सुटली. तिसरं चाकूने. बुरहान ते बघून रस्त्याच्या कडेला जाऊन बसला. रिसा शाळेत होती, तिला संध्याकाळी दुसऱ्या गाडीतून आणलं.

आता माझं ऐक.

एकतिसाव्या वळणावर मी पॅड उचलला तेव्हाच मला कळलं की डिंक सुटलाय. पट्टी कोरडी होती. मला वाटलं, एक बिघडला असेल. एखादा कोणाच्याही हातून बिघडतो. वीस माणसांसमोर मी ते बसवले होते, त्याच वीस माणसांनी तुझं नाव घेऊन हसावं हे मला नको होतं. म्हणून पिनेचं सांगितलं. मग तुझं नव्या डिंकाचं पत्र आलं. ते वाचूनही मी बुरहानला सांगितलं नाही. खरं तर पत्र वाचताना माझ्या मनात आलं होतं. मी ते मनातून काढून टाकलं. तू भट्टीचं काढून टाकलंस तसंच. आणि पंधरा दिवस ती पोर माझ्या खोट्यावर बसून डोंगर उतरत होती.

तेव्हा तुला बोलायचा मला अधिकार नाही. एवढंच विचारतो.

तू आम्हाला तार केलीस. आम्ही तुझे आहोत. त्या दुपारी बारा जोड होते असं तूच लिहिलंस. एक आमचा. एक त्या टॅक्सीचा. उरलेल्या दहांच्या गाड्यांत कोणाकोणाच्या पोरी बसतात?

त्यांना तार केलीस का?

मामा


पाचेतच्या उताराखाली
१ सप्टेंबर १९९३

मामा, सलाम.

तुमचं पत्र २७ तारखेला मिळालं. त्या आधी मी कोणालाच सांगितलं नव्हतं. तुम्हाला तार केली आणि वाटलं, झालं. सोमवारपासून पुन्हा डिंक लावत बसलो. हे लिहायला लाज वाटते, पण तुम्ही तुमचं लिहिलंत.

त्याच दुपारी पाक सुगितोंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, दार लावलं आणि म्हणाले, "सगळ्यांना जाऊन सांगितलंस तर उद्यापासून माझ्याकडे कोण येईल? सुटायचे ते आतापर्यंत सुटले असते." कारखान्याच्या भिंतीवर कामाच्या नोंदी खडूने लिहिलेल्या असतात. माझ्यासमोर त्यांनी ओल्या फडक्याने भिंत पुसली. मग मला काढलं. पगाराचं काही बोलले नाहीत, मीही नाही.

मला चारच नावं आठवत होती. म्हणून कास्मोकडे गेलो. तो आता वीटभट्टीवर काम करतो. मी सांगितलं, तेव्हा त्याने डोक्यावरच्या विटा खाली ठेवल्या आणि माझ्या थोबाडीत मारली. त्याची बायको बघत होती. मग तो म्हणाला, "मी हात धुण्यापूर्वी भट्टीत डोकावलो होतो. रिकामी होती. मला वाटलं, तुझे काढून झाले." थोड्या वेळाने खाली बसला आणि मातीत काडीने नावं लिहायला लागला. भिंतीवर नेहमी तोच लिहायचा. दहाच्या दहा त्याला पाठ होती. मी विचारलं, बरोबर येतोस का. तो म्हणाला, "माझी पोरं जेवायची आहेत. तू जा."

पाच दिवस फिरतोय. बसने, चालत, एकदा बदकांच्या टेम्पोतून. पहिल्या माणसाने मला खुर्ची दिली, चहा दिला, सांगून झाल्यावर चहा काढून घेतला. एका बाईने सांगितलं की तिच्या नवऱ्याने जूनमध्येच गाडी विकली, कोणाला ते माहीत नाही. तो घेणारा शोधायला दीड दिवस गेला. एकाने विश्वासच ठेवला नाही. म्हणाला, "गाडी मस्त थांबते, बघ," आणि मला बसवून गल्लीतून फिरवून आणलं. गार ब्रेकवर ती थांबणारच. मी त्याच्या चाकाशी बसून राहिलो, उठलोच नाही, तेव्हा त्याने वैतागून चाक खोललं. अस्तर पट्टीवर बोटाने सरकलं. तो उठला. घरात गेला आणि बाहेर आलाच नाही.

एका घरात जायला उशीर झाला. माणूस जिवंत आहे. पाय नाही. त्याला कारण माहीत नव्हतं, तो आपलंच नशीब म्हणत होता. मी त्याला सांगितलं. त्याचं पुढचं तुम्हाला समोर बसून सांगेन, लिहिता येत नाही.

नऊ झाले. दहावं कास्मोने नुसतं "पांढरी व्हॅन, पाचेत" असं लिहिलं होतं. नाव त्यालाही माहीत नाही. म्हणून काल संध्याकाळी इथे आलो, नळ्या घेऊन बसणाऱ्या माणसांकडे. त्यांना सगळ्या गाड्या चाकांवरून ओळखू येतात. म्हणाले, दार चेपलेली पांढरी व्हॅन ना, ती रोज सातला वर जाते आणि वरच्या बाजारातून दहाला कोबी भरून उतरते, कोबीवर पाच-सहा बायका बसलेल्या असतात. आज सातला मी रस्त्यावर उभा राहून हात केला. थांबली नाही. चढावर कोण थांबतं.

आता नऊ वाजून गेलेत. ती खाली यायची वाट बघायची की वर जायचं, हे मी या पत्राचं वरचं पान लिहिताना ठरवत होतो. खाली वाट बघणं सोपं आहे. इथे झाड आहे, सावली आहे, माणसं चहा देतात. पण ती इथवर पोचली तर भरून, तापून पोचणार.

हे पत्र नळीवाल्याकडे देतो, तो टपालात टाकेल. वर जाणारा एक खताचा ट्रक थांबवून ठेवलाय. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, म्हणतो, बसायचं तर बस. बाजार तेरा किलोमीटर वर आहे आणि ट्रक बैलासारखा चढतो. बायका व्हॅनमध्ये चढायच्या आत पोचेन असं तो म्हणाला नाही. मी विचारलं होतं.

दासरिल